वर न पोचणारा बुडबुडा

नेरूळला आमच्या बैठकीच्या खोलीत जिथे टीव्ही असायला हवा तिथे दोन फुटी फिश टँक आहे. त्यात मासे आहेत, पण भाडेकरू म्हणून. घर झाडांचं. मागे लालसर शेंड्यांची रोटाला, मध्ये लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्याने बांधलेलं मॉस, पुढे क्रिप्टोकोराइनची तपकिरी पानं. तळाच्या डाव्या कोपऱ्यात काचेच्या वाटीत रुपयाएवढी पांढरी चकती बसवली होती आणि तिच्यातून दिवसाचे आठ तास बारीक बुडबुड्यांचं धुकं वर जायचं. शेजारचे काका पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप तसाच धरून त्या धुक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माशांना गॅस देता काय हो?"

"माशांना नाही काका, झाडांना."

"कमाल आहे. आम्हाला नको असताना होतो."

या धुक्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. शाळेत आम्हाला कवितेचं रसग्रहण करायला लावत. आता दहावीला त्याचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे पाडले आहेत. बुडबुडा कप्प्यात घालायला जावं तर फुटेल. पण एखादी छोटी गोष्ट घाई न करता, ओळ न् ओळ थांबून वाचायची सवय त्याच प्रश्नाने लावली. माझी संहिता फूटभर उंचीची आहे आणि ती खालून वर वाचायची आहे.

बुडबुड्याची आपल्याकडची ख्याती चांगली नाही. आयुष्य किती क्षणभंगुर हे सांगायचं झालं की संतांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळे पाण्यावरचा बुडबुडा पुढे करतात. टाकीपुढे बसणाऱ्याची तक्रार नेमकी उलटी असते. त्याचा बुडबुडा जगायला नको तितका जगतो. तो वाटेतच नाहीसा व्हायला हवा आणि तो पठ्ठ्या वरपर्यंत पोचून फुटतो. फुटला की त्याच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड बैठकीच्या खोलीत येतो. तिथे त्याचा उपयोग कोणालाच नाही.

आधी हिशेब, कारण या संहितेचं वृत्त आकड्यांचं आहे. उघड्यावर ठेवलेल्या पाण्यात आपल्या हवामानात हा वायू लिटरमागे साधारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला असतो. झाडांची टाकी लावणारे हौशी लोक धरतात २० ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे चाळीस ते साठ पट. ऐकायला मोठं वाटतं, पण माझ्या टाकीत पाणी ६० लिटर. ६० गुणिले ३० म्हणजे १.८ ग्रॅम, चहाच्या चमचाभर साखरेचं वजन याहून जास्त भरेल. वायूच्या मापात सांगायचं तर एक लिटर. आता चार मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा घ्या. त्यात मिलिलिटरचा तिसावा भाग वायू मावतो. सेकंदाला एक या चालीने आठ तासांत सुटतात २८,८०० बुडबुडे. त्यांची बेरीज ९६० मिलिलिटर, जवळजवळ तोच एक लिटर. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर मांडला तेव्हा उत्तर इतकं चोख जुळलं की दोनदा तपासलं. एकही थेंब वाया गेला नाही तर सेकंदाला एक बुडबुडा पुरे. मी सेकंदाला तीन सोडत होतो आणि रोटालाच्या नव्या पानांची वाढ तरीही खुंटलेलीच होती.

मग बाकीचा जातो कुठे?

चकतीपासून सुरुवात करू. ही भाजलेल्या मातीची असते, म्हणजे सिरॅमिकची, आणि तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. नळीतून एकेक करून येणारा मोठा बुडबुडा तिच्यामागे अडतो, दाब वाढतो आणि तो चूर होऊन बाहेर पडतो. चार मिलिमीटरच्या एका बुडबुड्याचे दशांश एक मिलिमीटरचे ६४ हजार होतात. वायू तेवढाच राहतो, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग चाळीसपट होतो. अख्खा बटाटा आणि त्याचाच कीस यांत जो फरक, तोच इथे. विरघळणं हा सगळा सीमेवरचा व्यवहार आहे. बुडबुड्याच्या पोटातल्या वायूला पाणी ठाऊकच नसतं, त्याच्या कातडीशी असलेल्यालाच ते भेटतं.

दुसरी गोष्ट वेळाची. मोठा बुडबुडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटरने वर धावतो. टाकीतलं फूटभर पाणी तो दीड सेकंदात पार करतो, जाताना जरा डुलतो, आणि संपला. दशांश मिलिमीटरचा बुडबुडा मात्र सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढतो, म्हणजे तेवढ्याच फूटभराला त्याला मिनिटभर लागतं. त्यात वाटेत फिल्टरच्या प्रवाहाने ढकललं तर तो आडवा जातो, खाली ओढला जातो, पानाखाली अडकतो. त्याचा प्रवास जितका रखडेल तितका झाडांचा फायदा.

इथवर कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असतं. मला या संहितेतली सर्वांत सुंदर ओळ यानंतरची वाटते, आणि ती नजरेतून सहज निसटते. बुडबुडा वर चढता चढता त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, तसे पाण्यात आधीपासून विरघळलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उलट दिशेने बुडबुड्यात शिरतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज जिरणारा वायू, म्हणून तो भराभर बाहेर पडतो आणि बुडबुडा लहान लहान होत जातो. पण जे आत शिरले ते त्याला पुरता संपू देत नाहीत. म्हणून वर पोचून जो बारीक ठिपका फुटतो तो खालून निघालेला बुडबुडा नव्हेच. नाव तेच, आतला माणूस बदललेला. गावातून निघालेला कोणी तीस वर्षांनी मुंबईत सापडावा तसा. म्हणजे वर पोचलेला प्रत्येक ठिपका हे वाया गेल्याचं चिन्ह आहे असं समजून मी महिनाभर कुढत होतो, ते निम्मं फुकट गेलं. मोठे बुडबुडे वाया जातात. अगदी बारकांबद्दल नुसत्या डोळ्यांनी निकाल देता येत नाही.

वायूला पाणी इतकं जड का जातं याचं उत्तर मला टाकीत सापडलं नाही, पाम बीच रस्त्याच्या कडेला सापडलं. ओहोटीच्या वेळी खाडीकडे बघा. तिवरांच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं सरळ वर आलेली दिसतात, हजारोंनी. ती श्वसनमुळं. साधी झाडं मुळांना हवा देण्यासाठी एवढा खटाटोप करत नाहीत, कारण कोरड्या मातीच्या फटींत हवा असते. पाण्याने भरलेल्या चिखलात वायू स्वतःहून पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी होतो. तिवराने चिखलातून वायू येण्याची वाट पाहिली असती तर ते गुदमरलं असतं. म्हणून ते स्वतःच वर आलं. माझ्या रोटालाला ती सोय नाही. खरं तर ती मूळची दलदलीची, भाताच्या खाचरात मान पाण्याबाहेर काढून वाढणारी. तिला बारा महिने बुडवून ठेवलं मी, तेव्हा तिच्या पानाशी वायू नेऊन पोचवायची जबाबदारीही माझीच. चकतीशी विरघळलेला वायू आपोआप दुसऱ्या टोकाच्या पानाला जाईल या भरवशावर राहिलं तर तिवराचा धडा फुकट गेला म्हणायचा. प्रत्येक पानाभोवती न हलणाऱ्या पाण्याचा एक पातळ थर असतो आणि वायूला शेवटची मजल त्यातूनच काढायची असते. प्रवाहाने सगळ्या टाकीतली पानं हलकीशी डोलली पाहिजेत. न डोलणारा कोपरा म्हणजे उपाशी कोपरा.

पाण्यात हा वायू मुरवायची युक्ती पहिल्यांदा नीट लिहून ठेवली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज पाद्र्याने, १७७२ साली, एका छोट्या पुस्तिकेत. लीड्सला तो एका दारूभट्टीशेजारी राहत होता आणि आंबवणाच्या पिंपांवर तरंगणाऱ्या जड वायूशी खेळता खेळता त्याला सोडा वॉटर सापडलं. पुस्तिकेतली कृती खडूच्या भुकटीवर गंधकाम्ल ओतून निघालेला वायू डुकराच्या मूत्राशयातून पाण्याच्या बाटलीत सोडायची होती. पुढे एका टीकाकाराने त्या पाण्याला मूत्राची चव लागते असा आक्षेप घेतला. तो खोटा असावा असं मला तरी वाटत नाही. पण त्या कृतीतला महत्त्वाचा शब्द खडू नाही की आम्ल नाही. तो आहे हलवणं. बाटली जोरात हलवा म्हणजे पाणी वायू पिईल. आज पंप, फिल्टर, चकती, जाळ्या या नावांनी आपण जे विकत घेतो ते सगळं त्या मनगटाचं काम करण्यासाठी.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी या माणसाने दुसरा एक प्रयोग केला होता. मेणबत्तीने खराब झालेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली आणि काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. झाड हवा सुधारतं हे एका हाताने दाखवलं, झाडाला लागणारा वायू पाण्यात कसा मुरवावा हे दुसऱ्या हाताने लिहिलं, आणि दोन्ही हात जोडायचे राहिले.

सोड्याचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉडने १८७२ साली पेटंट केली, पण ती आपलीच वाटावी इतकी आपल्या जत्रांत रुळली. गोटी तोंडाशी चिकटून बसते ती आतल्या वायूच्याच दाबाने. त्या दाबाखाली लिटरभर पाण्यात काही ग्रॅम वायू राहतो, माझ्या टाकीच्या शंभर-दोनशे पट. अंगठ्याने गोटी आत ढकलली की दाब गेला आणि वायू निघाला. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये हाच नियम मांडला: वर जितका दाब, तितका वायू आत. माझ्या टाकीला ना झाकण ना गोटी. तिच्यावर बैठकीच्या खोलीतली हवा आहे आणि त्या हवेच्या मते या पाण्यात अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त वायू असायचं कारण नाही. म्हणून मी घातलेला जास्तीचा सगळा वायू क्षणोक्षणी बाहेर पडायची वाट शोधत असतो. उन्हाळ्यात मित्र सांगतात, पाणी तापलं की गॅस विरघळत नाही. अर्धसत्य आहे ते. वर नुसता हाच वायू असला तर २० अंशांना लिटरमागे १.७ ग्रॅम मावतो, ३० अंशांना सव्वा. आपण मागतो ०.०३. कोठार रिकामंच आहे. अडचण त्याचं दार कायम उघडं आहे ही.

ते दार म्हणजे पाण्याचा वरचा थर. फिल्टरचं तोंड वर करून पाणी खळखळवलं की वायू भरभर उडतो. तोंड खाली केलं, पाणी निपचित ठेवलं तर वायू राहतो, पण वर तेलकट तवंग धरतो आणि माशांना ऑक्सिजन कमी पडतो. मधली अवस्था शब्दांत पकडणं कठीण. पाण्यावर सुरकुती हवी, पाणी फुटायला नको. माझी आई ताकाबद्दल असंच काहीसं सांगायची आणि मला तेव्हाही ते कळायचं नाही.

या सगळ्यापर्यंत मी पोचलो तो आडवाटेने. पहिली आवृत्ती प्लॅस्टिकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट अशी होती. वायू मोजायला मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला. त्यातली थेंब मोजायची फुगीर नळी उलट्या कामाला लावली की बुडबुडे मोजते, आणि चाकाच्या चिमट्याने धार कमीजास्त होते. आपल्याकडे किती टाक्या या सलाइनवर जगल्या असतील! यीस्टची एक खोड मात्र माझ्या ध्यानात आली नाही. त्याला रात्र कळत नाही. दिवे गेल्यावर झाडं वायू घेणं थांबवतात, उलट स्वतःच श्वासावाटे सोडू लागतात, आणि बाटली आपली चालूच. एका सकाळी गप्पी पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून धापा टाकत होत्या आणि दोन निऑन तळाशी पडले होते. दोष बाटलीचा नव्हता, माझा होता. मग आला सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याच्या सोड्याचा दोन बाटल्यांचा संच. २०० ग्रॅम सोड्यातून हिशेबाने १०० ग्रॅमच्या वर वायू निघतो. टाकीला एका वेळी लागतो दोन ग्रॅमांहून कमी. त्या दोन आकड्यांमधलं सगळं मी खोलीला दान करत होतो.

शेवटी नळकांडं घेतलं. दिवा लागला की टायमरने व्हॉल्व्ह उघडतो, दिवा गेला की बंद. वीज गेली तरी बंदच. नवी मुंबईच्या मे महिन्यात हे नळकांडं एक वेगळीच कथा सांगतं. आत वायू द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक असेपर्यंत दाबाचा काटा जागचा हलत नाही, म्हणून किती उरलंय ते काट्यावर कळतच नाही, वजन करावं लागतं. पण ३१ अंशांच्या वर हा द्रव द्रवच राहत नाही. मे महिन्यातल्या दुपारी आमच्या टाकीखालच्या कपाटात ३१ अंश म्हणजे काहीच नव्हे. काटा चढतो आणि नवा माणूस घाबरून दुकानदाराला फोन करतो. मीही केला होता.

टाकीतलं पाणी मोरबे धरणाचं, खालापूरकडच्या धावरी नदीवरून आलेलं, काळ्या पाषाणाच्या मुलखातलं, सौम्य. त्यामुळे वायू कमी विरघळतो किंवा जास्त, असं काही नाही. पाण्याच्या जडपणाशी विरघळण्याचं नातं नसतं. विरघळलेल्या रेणूंपैकी सहाशेत एखादाच आम्ल होतो, पण तेवढ्याने पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यावरून वायूचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी काचेचा छोटा ड्रॉप चेकर टाकीत लटकवतात. त्यात ठरावीक क्षारतेचं वेगळं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. वायू कमी असेल तर निळा, ३० मिलिग्रॅमच्या सुमारास हिरवा, जास्त झाला तर पिवळा. हा आमचा समीक्षक. मत अचूक देतो, पण तासा-दोन तासांनी, प्रयोग उरकत आल्यावर.

काचेची वाटी आणि पांढरी चकती ही कल्पना जगभर रुजवली जपानच्या ताकाशी अमानो या छायाचित्रकाराने. टाकीला निसर्गचित्र मानून ती लावायची त्याची शैली आता आपल्याकडच्या पोरांनाही पाठ आहे. त्याच्या काचेच्या उपकरणांचा घाट असा की ते आत ठेवल्यावर टाकीचं सौंदर्य वाढतं. मला वाटतं यातच थोडी फसगत आहे. धुकं इतकं देखणं दिसतं की आपण ते बघण्यासाठीच लावतो. आणि दिसतं ते न विरघळलेलं. माझ्या टाकीतल्या त्या सुंदर धुक्याचा बराच भाग झाडांच्या वाट्याचा नव्हता.

म्हणून गेल्या दिवाळीत चकती काढली आणि रिअ‍ॅक्टर केला. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात असतं ते दहा इंची फिल्टर हाउसिंग घेतलं, आतली कांडी काढली, फिल्टरच्या परतीच्या नळीत जोडलं. पाणी वरून खाली येतं. वायू आत सोडला की तो वर जायला बघतो. कुर्ल्याला लोकल थांबल्यावर उतरणाऱ्या लोंढ्यातून आत शिरू पाहणारा माणूस जसा ना आत ना बाहेर, तसा बुडबुडा तिथल्या तिथे घुसळला जातो, झिजत झिजत संपतो, आणि खालून निघतं ते नुसतं पाणी. पंधरवड्यातून एकदा हाउसिंग वाकडं करून वर साचलेला वायू सोडून द्यावा लागतो. तो मुख्यतः नायट्रोजन-ऑक्सिजन, म्हणजे त्या वाटेत बदललेल्या माणसांचाच जमाव. तीन बुडबुड्यांऐवजी आता दीड पुरतो. समीक्षक दुपारी बारालाच हिरवा होतो.

आणि टाकीत बघायला काहीच उरलं नाही. आठवडाभर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं हे कबूल करतो.

मग एका दुपारी तीनच्या सुमारास रोटालाच्या वरच्या पानांच्या कडांना टाचणीच्या डोक्याएवढे चमकदार मणी लागले. हे बुडबुडे माझे नव्हते. पाणी ऑक्सिजनने तुडुंब भरल्यावर झाडाने केलेला ऑक्सिजन विरघळायला जागा राहत नाही, तेव्हा तो असा पानावर उभा राहतो. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात असे बुडबुडे येतात आणि अंधारात येत नाहीत, हे यान इंगेनहाउझने १७७९ मध्येच लिहून ठेवलं होतं. उकळून निवलेल्या पाण्यात ते येत नाहीत, कारण झाडाचं अन्न असलेला वायूच त्यात नसतो, हे पुढे जाँ सेनेबिएने दाखवलं. प्रयोगवहीसाठी आपल्यापैकी अनेकांनी हेच केलंय. हायड्रिलाच्या काड्या, वर उपडं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. याच हायड्रिलाच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारं यंत्र जगदीशचंद्र बोसांनी बनवलं आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर अख्खा ग्रंथ लिहिला. मात्र पाणी बदलल्यावर लगेच दिसणाऱ्या मण्यांनी हुरळून जाऊ नये. ती नळाच्या दाबाखाली मुरलेली साधी हवा असते, दगडावर आणि काचेवरही चिकटते. खरे मणी फक्त पानावर येतात, आणि दुपार कलल्यावर.

परवा काका आले. टाकीपाशी जाऊन चष्मा वर केला, डावा कोपरा पाहिला, उजवा पाहिला.

"गॅस संपला वाटतं तुमचा."

"नाही काका, चालू आहे."

"मग दिसत कसा नाही?"

मी काही बोलणार तेवढ्यात रोटालाच्या शेंड्यावरचा एक मणी सुटला. काकांनी काचेवर बोट टेकवलं आणि त्याच्याबरोबर ते हळूहळू वर नेऊ लागले.